इंजिन कंपनीचे की मागाहून बसवलेले?

कुटुंबाच्या पानावर मोटारीच्या इंजिनाचा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. पण आपल्या वस्तीत घर आणि लग्न सोडले तर घरची सगळ्यात मोठी रक्कम कशात जाते, याचा विचार करून पाहा. ती गाडीत जाते. पोरगा ड्रायव्हर असतो, दुसऱ्याची गाडी चालवून कंटाळतो आणि म्हणतो, स्वतःची घेऊ. मग भिशी उचलली जाते, बचत गटाचे कर्ज काढले जाते, घरातल्या बाईच्या गळ्यातले बँकेत जाते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी पाहिली जाते. आणि जुनी गाडी विकणारा माणूस तिच्याबद्दल जे सांगतो, ते आपण ऐकून घेतो. ऐकलेले खरे की खोटे हे कसे तपासायचे, एवढेच मला सांगायचे आहे. मी लेखक नाही, मिस्त्री आहे. हातातले काम जसे येते तसे सांगतो.

मी मंगळवेढ्याचा. चौथीनंतर शाळा सुटली आणि १९७९ साली, बारा वर्षांचा असताना, गॅरेजमध्ये लागलो. पहिली दोन वर्षे नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुणे आणि उस्तादांना पाना देणे एवढेच काम. पण उस्तादांची एक सवय होती. गॅरेजात कोणतीही गाडी आली की ते मला इंजिनावर ठोकलेला नंबर वाचायला लावत आणि एका वहीत लिहून घेत. मला इंग्रजी येत नव्हते. इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे आणि मी चौथीलाच बाहेर पडलेला. ए, बी, सी ही अक्षरे मी शाळेत नव्हे, ब्लॉकवरची ग्रीस पुसून शिकलो. उस्ताद म्हणत, "बेटा, गाडीवाला इसरतो, लोखंड इसरत नाही. नंबर लिवून ठेव." त्या वहीमुळे पुढे चाळीस वर्षांत किती भांडणे मिटली, त्याची गणती नाही.

त्या काळात आमच्या तालुक्यात वडाप म्हणजे जीप. मरवडे, हुलजंती, भोसे, नंदेश्वर या बाजूला एस.टी. मोजक्याच फेऱ्या करायची. बाजारहाट, दवाखाना, लग्नकार्य, सगळे जीपवर. महिंद्राची जुनी जीप अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या परवान्यावर बनलेली आणि पेट्रोलवर चालणारी होती. चार सिलिंडरचे ते हरिकेन इंजिन २,१९९ सी.सी.चे. ओढायला खंबीर, पण पेट्रोल फार प्यायचे. भाडे पाच-पाच, दहा-दहा रुपयांचे, मग मालकाला उरणार काय? म्हणून पेट्रोलचे इंजिन उतरवून तिथे डिझेलचे बसवणे हा आम्हा मिस्त्रींचा धंदाच होऊन बसला. कोणी टेम्पोचे बसवी, कोणी भंगारातून आणलेले दुसरे काही. पुढे महिंद्राने प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या तंत्राने डिझेल इंजिने काढली. त्यातले २,११२ सी.सी.चे इंजिन एमएम ५४० जीपमध्ये कारखान्यातूनच बसून येई.

त्यामुळे रस्त्यावर दोन डिझेल जीपा शेजारी उभ्या असल्या तर एक कंपनीची डिझेल आणि दुसरी आमच्यासारख्याने केलेली डिझेल, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नसे. विकताना मात्र दोघेही मालक "कंपनी फिटेड" म्हणूनच सांगत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. इंजिन बदलणे म्हणजे काही पाप नव्हे. त्या बदलावर आपल्या कित्येक ड्रायव्हर बांधवांची चूल पेटली. माझ्या घरात पोरांची शिक्षणे त्याच कामावर झाली. त्या काळी बदलासाठी आर.टी.ओ.ची मंजुरी घेऊन आर.सी. बुकात नोंद करून घ्यायची पद्धत होती. ज्यांनी ती केली त्यांची गाडी पुढे दहा हात फिरली तरी अडचण आली नाही. ज्यांनी शे-दोनशे वाचवायला ती टाळली, त्यांची अडचण त्यांच्यानंतरच्या गरीब गिऱ्हाइकाने भोगली.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या बहिणीचा मुलगा घरी आला. जय भीम घातला, पाणी प्याला, आणि खिशातून मोबाइल काढून एका गाडीचे फोटो दाखवायला लागला. काळ्या रंगाची काँटेसा. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका माणसाची. सांगितलेली किंमत साडेचार लाख.

"मामा, ही भारतातली मसल कार हाय. ओरिजिनल क्लासिक, कंपनी फिटेड एक पॉइंट आठचं इंजिन. लग्नाच्या वरातीला भाड्यानं दिली तर एका सीझनमध्ये निम्मे पैसे वसूल. आणि आणखी धा वर्सांनी व्हिंटेज झाली की मग बगायलाच नको."

मी विचारले, "पैशाचं काय?"

"भिशीचे दीड हायेत. बचत गटाचं कर्ज मिळतंय. थोडं सोनं हाय."

सोनं कुणाचं, हे मी विचारले नाही. भाचेसून दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावरून कळले.

त्याच्यासोबत आलेला एक मित्र होता. तो म्हणाला, "काँटेसा सहा सिलिंडरची पण निघाली होती मामा. ती मिळाली तर सोनंच." ही सहा सिलिंडरची गोष्ट मी गेली तीस वर्षे चहाच्या टपरीवर ऐकत आलो आहे. म्हणून त्या दोघांना बसवले आणि आधी काँटेसाची हकिगत सांगितली. ती वाचकांनाही सांगतो, कारण तपासणी करायची तर कारखान्याने काय काय बनवले होते ते आधी माहीत हवे.

काँटेसा ही हिंदुस्तान मोटर्स कंपनीची. अ‍ॅम्बॅसिडर बनवणारी तीच ही कंपनी, कारखाना पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला. काँटेसाची बॉडी मूळची इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीची. तिकडे ते मॉडेल बंद झाल्यावर त्याचे साचे आपल्याकडे आणले गेले आणि १९८४ साली काँटेसा बाजारात आली. बॉडी रुबाबदार, पण बॉनेटखाली इंजिन तेच अ‍ॅम्बॅसिडरचे, १,४८९ सी.सी.चे, सुमारे ५० अश्वशक्तीचे. एवढी मोठी गाडी त्या इंजिनाला जड जायची. म्हणून ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या इसुझू कंपनीचे १,८१७ सी.सी.चे, सुमारे ८८ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि त्याला पाच गिअरचा बॉक्स आला. तीच काँटेसा क्लासिक. पुढे इसुझूचेच १,९९५ सी.सी.चे डिझेलही आले. २००२ च्या सुमारास काँटेसा बंद झाली. यातली सगळी इंजिने चार सिलिंडरची. सहा सिलिंडरची काँटेसा आपल्या कारखान्याने विकायला काढलीच नाही.

मग ही सहा सिलिंडरची गोष्ट आली कुठून? माझ्या मते तिला तीन मुळे आहेत. पहिले असे की इंग्लंडमध्ये याच बॉडीची व्हेंटोरा नावाची गाडी खरोखर ३.३ लिटरच्या सहा सिलिंडरची होती. दुसरे असे की त्या मोठ्या इंजिनाला पुरेल एवढी जागा बॉनेटखाली ठेवलेली होती. आपल्या काँटेसाचे बॉनेट उघडले की लहान इंजिन आणि भोवती रिकामी जागा दिसे. बघणाऱ्याला वाटे, इथे काहीतरी मोठे बसत असणार. आणि तिसरे मूळ म्हणजे जुन्या माणसांच्या आठवणी. वालचंद हिराचंद हे आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेले. त्यांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात, आणि त्यांत सहा सिलिंडरची इंजिने असत. ज्यांनी त्या पाहिल्या, त्यांच्या बोलण्यात मोठी काळी गाडी आणि सहा सिलिंडर यांची जोडी बसली. पुढच्या पिढीने ती काँटेसाला लावली. म्हणजे यात मुद्दाम खोटे कोणी बोलले नाही. तीन खऱ्या गोष्टी मिसळून एक खोटी तयार झाली.

भाच्याने मोबाइलवर अमेरिकेच्या मसल कार पाहिल्या होत्या, म्हणून तिकडचे उदाहरणही त्याला सांगितले. माझी मुलगी इंग्रजी पुस्तके वाचून मला समजावते, तिच्याकडून हे कळलेले. मसल कार म्हणजे साध्या मध्यम गाडीत कारखान्यानेच भलेमोठे इंजिन बसवायचे. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून ही लाट उसळली असे मानतात. तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे. आपल्या पहिल्या काँटेसाच्या चौपटीहून जास्त. एकाच मॉडेलला कारखाना लहान-मोठी पाच-सहा इंजिने द्यायचा आणि गिऱ्हाईक निवडायचे. आज त्यातल्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना वेड्यासारखी किंमत आहे. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा नावाची उघडी गाडी डझनभरही निघाली नव्हती. त्यातली एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. एवढी रक्कम असली की लहान इंजिनाच्या गाडीत मोठे बसवून "कंपनीचेच" म्हणणारे निपजणारच.

म्हणून तिकडे तपासणी हे मोठे शास्त्र झाले आहे. क्रायस्लर कंपनीच्या त्या काळच्या गाडीच्या नंबरात पाचवे अक्षर इंजिन कोणते ते सांगते. इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकलेला असतो, तो जुळतो का ते पाहतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की कारखान्यात गाडी जोडताना कामगारांना कळावे म्हणून एक कागद छापला जाई. या गाडीला हे इंजिन, हा गिअरबॉक्स, ही सीट, असे त्यावर लिहिलेले. काम झाले की तो कागद कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये, कधी गालिच्याखाली राहून जाई. पन्नास वर्षांनी सीट उसवल्यावर तो सापडला तर मालक आनंदाने उड्या मारतो. मालकासाठी छापलेले सुंदर माहितीपत्रक तेवढे उपयोगी पडत नाही, जेवढा कामगाराच्या हातातला तो तेलकट कागद पडतो.

माहितीपत्रकावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही, याचेही उदाहरण आहे. १९६९ च्या शेवरोले कॅमारो गाडीला विक्रीच्या यादीत सगळ्यात मोठे इंजिन ३९६ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.५ लिटरचे. पण काही विक्रेत्यांनी कारखान्याच्या आतल्या खास ऑर्डरच्या वाटेने ४२७ घनइंचाचे, ७ लिटरचे इंजिन घालून घेतले. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकच्या गाड्या फक्त ६९ निघाल्या. ज्याने फक्त यादी वाचली तो म्हणणार, अशी गाडी नव्हतीच. ज्याने फक्त गप्पा ऐकल्या तो म्हणणार, प्रत्येक कॅमारो तशीच होती. दोघेही चुकले. यादी, गाडीवरचा नंबर आणि कागद ही तिन्ही एकमेकांशी जुळली तरच ते खरे.

हे सगळे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, मग तुम्हीच चला." पुढच्या रविवारी आम्ही चौघे गेलो. भाचा, भाचेसून, वही-पेन घेतलेली माझी मुलगी आणि मी. सुनेला नेण्याचा आग्रह मी धरला. जिचे सोने जाणार तिने गाडी पाहिली पाहिजे.

गाडी छान धुऊन उभी केलेली. मालक सज्जन वाटला, चहा मांडला. मी म्हणालो, चहा नंतर, आधी आर.सी. दाखवा. ही माझी पद्धत आहे. आधी गाडी पाहिली की डोळे भुलतात, म्हणून आधी कागद वाचायचा. आर.सी.वर पुष्कळ काही लिहिलेले असते, आपण फक्त मालकाचे नाव आणि तारीख पाहून घडी घालतो. मुलीने एकेक ओळ वाचून वहीत उतरवली. उत्पादनाचे वर्ष १९८५. इंधन पेट्रोल. सिलिंडर चार. क्षमता १,४८९ सी.सी. मग चेसिस नंबर आणि इंजिन नंबर.

इथेच पहिली शंका आली. १९८५ साली १.८ चे इंजिन काँटेसाला यायचेच होते, आणि कागदही १,४८९ म्हणतो. मग ही कंपनी फिटेड क्लासिक कशी? पण मी काही बोललो नाही. कागदातही चूक असू शकते.

बॉनेट उघडले. प्लगच्या वायरी मोजल्या, चार. सहा सिलिंडरचा प्रश्न तिथेच संपला, त्याला काही विद्या लागत नाही. मग इंजिन पाहिले. अ‍ॅम्बॅसिडरचे इंजिन मी अंधारात हात लावून ओळखीन, त्याचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि पुशरॉड वर जातात. हे तसे नव्हते. याचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये होता. इंजिन इसुझूचेच होते. म्हणजे विकणारा निम्मे खरे बोलत होता. इंजिन १.८ चेच होते. प्रश्न एवढाच उरला की ते याच गाडीचे होते का.

फडके रॉकेलमध्ये भिजवून ब्लॉकवरचा नंबर पुसला. आकडे स्वच्छ होते, कुठे घासल्याची, पुन्हा ठोकल्याची खूण नव्हती. सगळे आकडे एका उंचीचे, एका खोलीचे. पण मुलीने वहीतल्या नंबराशी ताडून पाहिले तर एकही गट जुळेना. चेसिसचा नंबर मात्र पाटीवरचा, लोखंडावरचा आणि कागदावरचा, तिन्ही जुळले. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि छाप घेतली, आर.टी.ओ.त घेतात तशी.

मग खाली झोपलो. तिथे सगळी हकिगत लिहिलेली होती. इंजिनाच्या फाउंडेशनचे ब्रॅकेट कारखान्याच्या साच्यातले नव्हते, जाड पत्रा हाताने कापून वेल्डिंग केलेले होते. गिअरबॉक्स पाच गिअरचा, त्याच्या आडव्या पट्टीला नवी भोके पाडून ती सरकवलेली. प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडलेला. मागच्या डिकीवर "क्लासिक"चा बिल्ला होता, पण त्याच्या शेजारी जुन्या बिल्ल्याची दोन भोके लांबी भरून बुजवलेली बोटाला लागत होती.

आणि सांगायला हरकत नाही, काम फार उत्तम केलेले होते. वेल्डिंग एकसारखे, ब्रॅकेटच्या कडा कानशीने घासून गोल केलेल्या. कोणा जाणत्या मिस्त्रीने वेळ घेऊन केलेले काम. मी त्या ब्रॅकेटवर हात फिरवला आणि मनात आले, या माणसाचे नाव कुठेच नाही. आर.सी.वर त्याच्या कामाची नोंद नाही. मालक "कंपनीचे" म्हणून विकतो, म्हणजे त्याच्या हातचे काम कंपनीच्या नावावर जमा. खोटे बोलल्याने गिऱ्हाईक तर फसतेच, पण ज्याने घाम गाळला तोही पुसला जातो. "कंपनी फिटेड" म्हटले की भाव वाढतो आणि "मिस्त्रीने बसवलेले" म्हटले की पडतो, ही आपल्याच लोकांच्या मनातली अडचण आहे. चांगले काम चांगलेच असते. ते कोणी केले हे मात्र खरे सांगितले पाहिजे.

बाहेर आलो, हात पुसले आणि मालकाला जे दिसले ते तसेच्या तसे सांगितले. तो रागावला नाही, गप्प झाला. म्हणाला, "मिस्त्री, मला घेताना असंच सांगितलं होतं. मी पण तेवढेच पैसे मोजले." मला त्याचे बोलणे खरे वाटले. असे असत्य एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक जण प्रामाणिकच असतो.

भाचेसुनेने विचारले, "मामा, मग गाडी खोटी आहे का?"

मी म्हणालो, "बाळ, गाडी खोटी नाही. इंजिनही खोटं नाही. पण ही दोघं एका कारखान्यातून एकत्र आलेली नाहीत, आणि कागदाला दुसरं इंजिन माहीतच नाही."

"मग साडेचार लाख कशाचे?" तिने विचारले. याला कोणाकडेच उत्तर नव्हते.

आता कायद्याचे बोलतो, कारण इथेच गरीब माणूस अडकतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात २००० साली बदल झाला. तेव्हापासून कंपनीने मुळात जे ठरवले आणि आर.सी.वर जे लिहिले, त्यापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाला बदलता येत नाही. ठरावीक इंधन-बदल, जसे सी.एन.जी., नियमाने करता येतात, पण त्याचीही नोंद लागते. ब्लॉकवर एक नंबर आणि आर.सी.वर दुसरा, अशी गाडी पोलिसांनी थांबवली तर पहिला संशय चोरीचा येतो. अपघात झाला तर विमा कंपनीला अडवायला आयते निमित्त मिळते. आणि हे सारे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या डोक्यावर येते, ज्याने वीस वर्षांपूर्वी इंजिन बदलले त्याच्या नव्हे.

भाच्याचा व्हिंटेजचा हिशोबही मांडून दाखवला. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली बसत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि नंबरात व्हीए ही अक्षरे. १९८५ ची ही गाडी २०३५ साली वयाने पात्र होईल, पण इंजिनाने होणार नाही. शिवाय ज्यांना हा दर्जा मिळतो त्यांनाही ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. म्हणजे वरातीचे भाडे आणि व्हिंटेजचा मान, दोन्ही एकाच गाडीत मिळणार नाहीत. आणि खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे हाही नियमभंगच. भाड्याला परवाना आणि पिवळी पाटी लागते. हे ऐकल्यावर भाच्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, पण त्याच्या बायकोचे मंगळसूत्र जिथल्या तिथे होते.

इसार दिला नाही. आम्ही चहा घेऊन परत आलो. वाटेत कोणी फार बोलले नाही. पंधरा दिवस भाचा माझ्याकडे फिरकला नाही. मग एके दिवशी आला आणि म्हणाला, "मामा, एक मारुती इको बगितलीय, परवान्याची. कागद आणलाय, आधी कागद वाचू." भिशीच्या पैशात आणि थोड्या कर्जात ती झाली. नंबर तिन्ही ठिकाणी जुळले. आज तो त्यावर भाडी मारतो. रुबाब नाही, पण हप्ता थकलेला नाही.

काँटेसाच्या मालकाचाही काही महिन्यांनी फोन आला. म्हणाला, "मिस्त्री, एका हौशी माणसाला गाडी पाहिजे. तुम्ही त्या दिवशी जे पाहिलं ते कागदावर लिहून द्याल का? मी त्याला खरं काय ते सांगूनच देणार." मुलीने तिच्या सुंदर अक्षरात एक पानभर लिहिले. चेसिस १९८५ चे, मूळचे. इंजिन काँटेसा क्लासिकचे, मागाहून बसवलेले. नंबर अमुक, आर.सी.वरचा नंबर अमुक. फाउंडेशन हाताने बनवलेले, काम उत्तम. आर.टी.ओ.त जाऊन इंजिनाच्या नोंदीचे काय करता येते ते विचारल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. खाली माझी सही. गाडी साडेतीनला गेली असे नंतर कळले. एक लाख कमी आले, पण घेणारा उद्या दारात येऊन शिव्या देणार नाही.

आपल्या बंधू-भगिनींनी जुनी गाडी घेताना एवढे करावे. जीप असो, टेम्पो असो, की हौसेची जुनी गाडी असो.

आधी आर.सी. पूर्ण वाचावी. वर्ष, इंधन, सिलिंडर, सी.सी., चेसिस नंबर, इंजिन नंबर, हे सहाही वहीत उतरवावे. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिला बरोबर न्यावे.

त्या वर्षी त्या कंपनीने त्या गाडीत कोणती इंजिने दिली होती, हे जाणत्या मिस्त्रीला विचारावे. सी.सी. एकच असली तरी फसू नये. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचे पेट्रोल आणि डिझेल ही दोन्ही इंजिने १,४८९ सी.सी.चीच होती, म्हणून इंधनाची ओळ वेगळी पाहावी.

ब्लॉकवरचा आणि चेसिसवरचा नंबर स्वतः पुसून वाचावा. घासलेला, वाकडा, नवा ठोकलेला दिसला तर तिथूनच परत फिरावे.

बिल्ल्यावर जाऊ नये. बिल्ला भंगार बाजारात मिळतो.

इंजिन बदललेले असेल तर घाबरू नये, पण त्याची नोंद आर.सी.वर दाखवा म्हणावे. नोंद नसेल तर ती कायदेशीर होईपर्यंत एक रुपयाही इसार देऊ नये.

आणि शेवटचे आम्हा मिस्त्री बांधवांना. आपण ज्या गाडीत हात घातला, तिचा नंबर, तारीख आणि केलेले काम एका वहीत लिहून ठेवावे, आणि त्याची एक प्रत गाडीवाल्याला द्यावी. माझ्या उस्तादांच्या त्या जुन्या वहीची पाने आता पिवळी पडली आहेत, तरी आजही कोणी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची जीप घेऊन आला तर मी तीच उघडतो.